सदोष ग्राफिक्स कार्डे आणि त्यांचे पहिले ग्राहक

विकून झालेल्या मालात दोष आढळल्यावर उत्पादकाने तो स्वतःहून परत मागवायचा, ही प्रथा संगणकाच्या व्यवसायात मोटारींच्या आणि गृहोपयोगी वस्तूंच्या व्यवसायातून आली. परंतु येताना तिचा कणा मागेच राहिला. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्याने आणि घरगुती वस्तूंच्या बाबतीत १९७२ च्या कायद्याने निर्माण केलेल्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने या प्रथेला जे बळ दिले, ते जीविताला व मालमत्तेला असलेला धोका डोळ्यांसमोर ठेवून दिले. संगणकातील चिप चुकीचे उत्तर देऊ लागली, पडद्यावर रंगीत ठिपके उमटू लागले किंवा कार्ड तापून मंदावले, तर सहसा कोणाला इजा होत नाही आणि घरही पेटत नाही. त्यामुळे अशा मालाचे काय करायचे, हे कायद्यापेक्षा कंपनी आणि तिचा माल सर्वांआधी घेणारे ग्राहक यांच्यातील रस्सीखेचीतून ठरत गेले. १९९४ पासूनची प्रकरणे ओळीने पाहिली, तर माल खरोखर सदोष आहे की नाही यावरचा वाद बहुतेक वेळा लवकर मिटलेला दिसतो. तो दोष किती महत्त्वाचा मानायचा आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर मात्र दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आलेल्या आढळतात.

या इतिहासाची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून न करता इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरपासून करावी लागते, कारण पुढच्या सर्व प्रकरणांतील युक्तिवाद तेथेच प्रथम घडले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या, म्हणजे ज्यांच्यात केवळ दोनचे अंतर असते अशा मूळ संख्यांच्या, व्यस्तांची बेरीज करत होते. जून १९९४ मध्ये त्यांच्या नव्या पेंटियम संगणकाची उत्तरे जुन्या संगणकांच्या उत्तरांशी जुळेनाशी झाली. स्वतःचा प्रोग्रॅम, संगणकाचे इतर भाग अशा एकेका शक्यतेला बाद करत ते ऑक्टोबरात प्रोसेसरपर्यंत पोहोचले, त्यांनी इंटेलला कळवले आणि समाधानकारक खुलासा न मिळाल्याने ३० ऑक्टोबर रोजी काही परिचितांना ईमेलने पत्र पाठवले. दोष भागाकाराच्या पद्धतीत होता. उत्तराचा पुढचा अंक अजमावण्यासाठी पेंटियम आपल्यात कोरलेल्या एका कोष्टकाचा आधार घेत असे आणि त्या कोष्टकातील आवश्यक असलेल्या पाच नोंदी गाळल्या गेल्या होत्या; त्यामुळे ठरावीक संख्यांचा भागाकार करतानाच चूक होई, एरवी सर्व सुरळीत चाले.

हा दोष घराघरांत पोहोचला तो टिम को या अभियंत्याने शोधलेल्या एका उदाहरणामुळे. ४१,९५,८३५ या संख्येला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२०४५ हे उत्तर यायला हवे, परंतु दोषयुक्त पेंटियम १.३३३७३९०७ असे उत्तर देई. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या चौथ्याच स्थानी चूक होती. हे गणित करायला गणितज्ञ असण्याची गरज नव्हती. हिशेबाच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दोन आकडे घातले की आपल्या टेबलावरील संगणक सदोष आहे की नाही, हे कारकुनालाही एका मिनिटात कळत असे, आणि ग्राहकाच्या हाती आलेले हे पहिले मोजमाप होते.

इंटेलला ही त्रुटी १९९४ च्या उन्हाळ्यापासून ठाऊक होती. कंपनीने आता तिची शक्यता मांडून दाखवली: यादृच्छिक भागाकार घेतले तर नऊ अब्जांत एकदा चूक होईल आणि स्प्रेडशीट वापरणाऱ्या सामान्य माणसाला ती सरासरी २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. ज्याला चिप बदलून हवी असेल त्याने आपले काम कोणत्या स्वरूपाचे आहे ते सांगावे, त्याची गरज पटली तर चिप बदलून मिळेल, अशी कंपनीची भूमिका होती. संभाव्यतेच्या त्या हिशेबापेक्षा ग्राहकांना ही दुसरी अट अधिक झोंबली, कारण पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू बिनचूक मिळावी यासाठी उत्पादकापुढे जाऊन आपली पात्रता सिद्ध करावी लागत होती. १२ डिसेंबर १९९४ रोजी आयबीएमने पेंटियम बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली आणि तीच चूक दर २४ दिवसांनी भेटू शकते असा स्वतःचा हिशेब पुढे केला. आयबीएमला स्वतःचा पॉवरपीसी प्रोसेसर विकायचा होता, हे त्या आकड्याकडे पाहताना विसरता येत नाही. पण २७,००० वर्षे आणि २४ दिवस हे दोन्ही अंदाज एकाच दोषाबद्दलचे होते, आणि वापर कोणता गृहीत धरायचा यावर असा आकडा किती फिरतो हे त्यातून उघड झाले. अखेर २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला, कोणताही प्रश्न न विचारता, चिप बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च खाती टाकला.

कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची जी मीमांसा केली ती वास्तवाला धरून आहे. इंटेल चिप विकत असे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना. परंतु १९९१ पासून चाललेल्या ‘इंटेल इनसाइड’ या जाहिरातमोहिमेने घरी संगणक घेणाऱ्या माणसाला आपण इंटेलचेच ग्राहक आहोत असे वाटायला लावले होते, आणि त्यामुळे तक्रार घेऊन तो दुकानदाराकडे न जाता थेट इंटेलच्या दारात उभा राहिला. बदलून देण्याची घोषणा झाल्यानंतर बहुसंख्य घरगुती ग्राहकांनी चिप बदलून घेतलीच नाही, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. परत आलेल्या चिपांपैकी काहींच्या इंटेलने किल्ल्या अडकवण्याच्या साखळ्या बनवून त्या आपल्या कर्मचाऱ्यांना वाटल्या.

या धड्याचा परिणाम पाहायला फार थांबावे लागले नाही. ३१ जुलै २००० रोजी आलेला १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री हा प्रोसेसर लिनक्स प्रणालीचा गाभा संकलित करण्यासारख्या जड कामात कोसळतो, असे टॉम पाब्स्ट आणि काइल बेनेट या हार्डवेअर-परीक्षकांनी दाखवून दिले, आणि २८ ऑगस्टला इंटेलने तो परत मागवला. बाजारात गेलेला माल अगदी थोडा होता, त्यामुळे या तत्परतेचे कौतुक बेतानेच करावे.

ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायात हा धडा तसाच्या तसा लागू पडला नाही, आणि त्याचे कारण त्या व्यवसायाच्या रचनेत आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र तयार करणारी चिप, तिची स्वतंत्र स्मृती, वीज नियंत्रित करणारे घटक आणि उष्णता वाहून नेणारी पंख्यांची यंत्रणा यांचे मिळून बनलेले, संगणकाच्या मुख्य फळीत खोचण्याचे एक वेगळे पाते. चिपचा आराखडा एनव्हिडिया किंवा एएमडी करते, चिप घडवली जाते बहुधा तैवानमधील टीएसएमसीच्या कारखान्यात, तिच्याभोवतीचे कार्ड एसुस, एमएसआय, झोटॅक यांसारख्या कंपन्या आपल्या नावाने विकतात, आणि मध्ये आयातदार, वितरक व दुकानदार असतात. दोष निघाला की जबाबदारी या साखळीत वरखाली फिरत राहते आणि ग्राहकाच्या वाट्याला दुकानदाराने फिरवलेली पाठ येते.

नोव्हेंबर २००६ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे ५९९ डॉलरचे कार्ड बाजारात येण्याच्या तोंडावर पहिल्या खेपेतील कार्डांवर चुकीच्या मूल्याचा एक रोधक, म्हणजे विद्युतप्रवाहाला मर्यादा घालणारा छोटा घटक, बसवला गेल्याचे लक्षात आले. त्रिमितीय खेळ चालवताना चित्र फाटत असे. माल वितरणाच्या साखळीतूनच मागे घेतला गेला, ८ नोव्हेंबरचा मुहूर्त टळला नाही आणि त्याच घराण्यातील स्वस्त ८८०० जीटीएस हे कार्ड या गोंधळापासून दूर राहिले. आगाऊ मागणी नोंदवलेल्या ग्राहकांची चुळबुळ लवकरच शमली. ग्राफिक्स कार्ड परत मागवण्याच्या इतिहासात इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडते, आणि ते सरळ राहिले याचे कारण माल अजून ग्राहकाच्या घरात पोहोचला नव्हता.

माल घरात पोहोचल्यानंतर काय होते, हे त्यानंतर दोनच वर्षांनी दिसले. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने जाहीर केले की लॅपटॉपमधील तिच्या आधीच्या पिढीतील काही ग्राफिक्स चिप अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात बिघडत असून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. आधुनिक चिप पालथी बसवलेली असते आणि तिच्या तळाशी डाखाचे शेकडो सूक्ष्म ठिपके तिला खालच्या पट्टीशी जोडतात. या ठिपक्यांमधील पोकळी एका राळेने भरलेली असते. लॅपटॉप दिवसातून अनेकदा तापतो आणि निवतो, प्रत्येक वेळी चिप व पट्टी निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि राळ पुरेशा तापमानापर्यंत टणक राहिली नाही तर तो ताण डाखाच्या ठिपक्यांवर येऊन त्यांना तडे जातात. हा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, तो वर्ष-दीड वर्षाने उगवतो, आणि बहुतेक लॅपटॉपांची वॉरंटी, म्हणजे मोफत दुरुस्तीची लेखी हमी, नेमकी तेवढ्याच काळाची असते.

या ठिकाणी विक्रेत्या कंपन्यांनी जे केले त्याने ग्राहकांचा संताप सर्वाधिक वाढला. डेल आणि एचपी यांनी संगणकाच्या मूळ आज्ञावलीची अशी सुधारित आवृत्ती दिली की तिच्यामुळे पंखा अधिक वेळ फिरत राहावा आणि तापमानातील चढउतार कमी व्हावेत. चिपला गेलेले तडे पंख्याने बुजत नाहीत, ते पडण्याची वेळ मात्र पुढे जाते. आणि ती वॉरंटीच्या पलीकडे जावी एवढाच यामागचा हेतू असल्याची शंका अनेकांनी उघड बोलून दाखवली. ती शंका निराधार म्हणता येत नाही. अ‍ॅपलने ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या मॅकबुक प्रोच्या ग्राहकांना वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्ती देऊ केली आणि पुढे ती मुदत वाढवली. ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांच्यापैकी काहींनी लॅपटॉपची मुख्य फळी काढून, प्लॅस्टिकचे भाग उतरवून, ती स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये काही मिनिटे तापवण्याचा उपाय काढला. उष्णतेने तडा गेलेली जोडणी पुन्हा टेकत असे आणि मेलेला लॅपटॉप काही आठवडे चालत असे. अमेरिकेतील न्यायालयात झालेल्या सामूहिक दाव्यात २०१० मध्ये तडजोड झाली. परंतु एचपीच्या अनेक ग्राहकांना बदली म्हणून जो कॉम्पॅकचा स्वस्त लॅपटॉप मिळणार होता तो मूळ यंत्राच्या तोडीचा नाही, असा आक्षेप त्याच न्यायालयात घेतला गेला आणि तो फेटाळलाही गेला.

यानंतरच्या दशकात दोषांची कमतरता नव्हती, पण त्यांचा निपटारा बहुतेक वेळा एकेका तक्रारीवर कार्ड बदलून देऊन झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेले, ११९९ डॉलरचे आरटीएक्स २०८० टीआय हे कार्ड काही जणांकडे थोड्याच दिवसांत पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची रांगोळी काढून बंद पडू लागले, तेव्हा सुरुवातीच्या काही फळ्या चाचणीतून निसटल्या असे एनव्हिडियाने नोव्हेंबरात मोघम शब्दांत कबूल केले. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणी-आवृत्तीत ईव्हीजीए या कार्ड-उत्पादक कंपनीचे आरटीएक्स ३०९० हे कार्ड जळू लागले. ईव्हीजीएने क्ष-किरण तपासणीनंतर डाखकाम कच्चे राहिल्याचे सांगितले आणि कार्डे बदलून दिली. दोन्ही प्रसंगी माल सरसकट परत मागवला गेला नाही.

२०२२ चा हिवाळा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण त्या एका हंगामात दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांचे पहिले ग्राहक एकाच वेळी रणात उतरले होते. १३ डिसेंबर रोजी आलेल्या एएमडीच्या ९९९ डॉलरच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाचा सर्वांत उष्ण बिंदू ११० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन कार्ड मंदावते, असे ग्राहकांनी नोंदवले. हे तापमान मर्यादेतच आहे, असे उत्तर तक्रारदारांना सुरुवातीला मिळाले. जर्मन हार्डवेअर-परीक्षक रोमन हार्टुंग यांनी ग्राहकांकडून अशी कार्डे मिळवून ती कधी आडवी, कधी उभी चालवून पाहिली आणि दोष शीतनाच्या बाष्पकक्षात असल्याचा निष्कर्ष काढला. बाष्पकक्ष म्हणजे तांब्याची एक चपटी, हवाबंद पेटी; तिच्यातील थोडेसे पाणी चिपच्या बाजूला वाफ होते, थंड बाजूला पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र अस्तरातून परत चिपकडे झिरपते. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने मान्य केले की काही मालात या पेटीतील पाणी कमी पडले होते. हजार डॉलरच्या कार्डाची प्रतिष्ठा चमचाभराहूनही कमी पाण्यापायी पणाला लागली, आणि मर्यादेतील तापमान म्हणून झटकलेली तक्रार महिन्याभरात कंपनीलाच स्वीकारावी लागली.

एनव्हिडियाच्या बाजूला प्रकरण अधिक धगधगते होते. १२ ऑक्टोबर २०२२ ला आलेल्या, १५९९ डॉलरच्या आणि ४५० वॅट वीज घेणाऱ्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला वीज पुरवणारा सोळा पिनांचा नवा कनेक्टर दोनच आठवड्यांत वितळू लागला. गणित सरळ आहे. पूर्वीचा आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटसाठी तीन तारांतून वीज आणत असे, म्हणजे १२ व्होल्टवर प्रत्येक तारेच्या वाट्याला सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह येई. नव्या, आकाराने लहान कनेक्टरमध्ये ४५० वॅटसाठी सहा तारा असल्याने प्रत्येकीला सुमारे ६.२५ अँपिअर वाहावे लागतात आणि ६०० वॅटच्या कमाल मर्यादेला ८.३ अँपिअर. पिन पूर्ण टेकली नाही तर संपर्काच्या जागी रोध वाढतो, उष्णता साचते आणि प्लॅस्टिक मऊ होते. १८ नोव्हेंबरला एनव्हिडियाने जगभरात सुमारे ५० प्रकरणे आढळल्याचे सांगून कनेक्टर पूर्ण न खोचणे हे त्यांतील समान कारण असल्याचे म्हटले, आणि केबल कोणाचीही असली तरी कार्ड बदलून देण्याची तयारी दाखवली. खापर आपल्या माथी फुटल्याची भावना ग्राहकांत पसरली. कॅलिफोर्नियात सामूहिक दावाही दाखल झाला. स्वतंत्र परीक्षणांतही अर्धवट खोचलेली जोडणी हेच प्रमुख कारण निघाले, तरी पुढच्या वर्षी त्या कनेक्टरच्या आराखड्यात संकेत-पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून जोडणी अपुरी असल्यास कार्डाला पूर्ण वीजच मिळू नये. चूक केवळ वापरणाऱ्याची असती तर आराखडा बदलण्याचे प्रयोजन उरले नसते.

विशेष म्हणजे या आगीच्या धोक्यामुळे कायद्याने माल परत मागवण्याची जी कारवाई झाली, ती कार्डावर झालीच नाही. केबल काटकोनात वळवता यावी म्हणून केबलमॉड या कंपनीने सुमारे ४० डॉलरला विकलेले जोडयंत्र सैल पडून वितळत असल्याच्या २७२ तक्रारी आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत अशी सुमारे २५,३०० जोडयंत्रे परत मागवण्यात आली. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, एनझेडएक्सटीच्या एच-१ या संगणकपेटीतील ग्राफिक्स कार्ड जोडणारी फळी स्क्रूमुळे लघुमंडल होऊन पेट घेऊ शकते म्हणून त्या आयोगाने ३२,००० पेट्यांबाबत अशीच सूचना प्रसिद्ध केली होती. त्या कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवून सारवासारव करण्याचा प्रयत्न केला, तो परीक्षकांनी अपुरा ठरवला. आयोगाचा हात कार्डाच्या आजूबाजूच्या स्वस्त वस्तूंपर्यंत पोहोचला, सोळाशे डॉलरचे कार्ड मात्र वॉरंटीच्या चाकोरीतच राहिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्याच जातीचा दोष पुढे आला. जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये आपल्या आरटीएक्स ५०९० या १९९९ डॉलरच्या कार्डाची माहिती पाहणाऱ्या काही ग्राहकांना, तयार चित्रबिंदू स्मृतीत लिहिणारे १७६ घटक असायला हवे तेथे १६८च दिसले. एनव्हिडियाने हे मान्य करून अशी कार्डे अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याचे आणि वेगातील घट सरासरी चार टक्के असल्याचे सांगितले, व बदलीसाठी कार्ड-उत्पादकाकडे जाण्यास सुचवले. बाजारात त्या वेळी कार्डांचा खडखडाट होता. चालते कार्ड परत करून बदलीची वाट पाहायची की चार टक्के सोडून द्यायचे, हा निर्णय ग्राहकावर पडला. पेंटियमच्या वेळचा भागाकार करून पाहणारा कारकून आणि हे घटक मोजणारा ग्राहक यांचे काम एकच आहे: कारखान्याच्या चाचणीत जे निसटले ते स्वतःच्या पैशाने तपासणे. फरक इतकाच की १९९४ च्या ग्राहकाला त्याची गरज विचारली गेली होती, २०२५ च्या ग्राहकाला ती विचारण्याचे धाडस कंपनीने केले नाही. ग्राहकाने तीस वर्षांत कमावले ते एवढे. माल सरसकट परत मागवण्याची जबाबदारी कंपन्यांनी अजूनही अंगाला लावून घेतलेली नाही.

भारतात हा प्रश्न आणखी एका टप्प्याने लांबतो. अनेक कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असल्याने अमेरिकेतील नातेवाइकाकरवी मागवलेल्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पक्क्या बिलाविना घेतलेल्या कार्डाला येथे वाली नसतो. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे, पण तो धोकादायक, घातक किंवा असुरक्षित मालापुरता. वितळणारा कनेक्टर त्या व्याख्येत बसवता येईल. कमी भरलेले पाणी आणि गहाळ झालेले आठ घटक यांच्यासाठी ग्राहकाला बिल व अनुक्रमांक हाती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतःच तक्रार करावी लागते.